मगनची नौका आणि प्रलयाचा हिशेब

मस्कतमधली मराठी कुटुंबं थंड हवेसाठी जबल अख्दरला जातात. बिरकत अल मौझहून घाट चढून सैकच्या पठारावर आलं की आपण समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरवर असतो, आणि या डोंगरांतल्या चुनखडीत सागरी जीवांचे जीवाश्म सापडतात. ते पाहिल्यावर सोबतचं कुणीतरी विचारतंच, समुद्र इथवर चढल्याशिवाय शिंपले आले कुठून? बायबलमधला नोहा, कुराणातला नूह, आपला मनू, यांचा प्रलय खराच झाला असला पाहिजे. हा प्रश्न भाबडा म्हणून झटकून टाकता येत नाही. समोरच्या पुराव्यावरून बांधलेला तो तर्क आहे, आणि त्याला उत्तरही पुराव्यानेच द्यायला हवं.

पुरावा असा, की हे शिंपले पुराने वर आणून टाकलेले नाहीत. ज्या दगडात ते आहेत तो दगडच उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून तयार झाला. एका पिढीच्या जीवांनी मरावं, त्यांच्यावर गाळ बसावा, त्यावर पुढची पिढी वाढावी, असं कोट्यवधी वर्षं चाललं. पुढे भूपट्टांच्या रेट्याने तो तळ उचलला गेला. ओमानमध्ये हे समजून घ्यायला फार कल्पना लढवावी लागत नाही. समाइलच्या परिसरात महासागराच्या तळाखालचा, प्रावरणातला काळपट-तपकिरी खडक उघड्यावर पडलेला आहे. त्यावर हात ठेवता येतो.

आता पाण्याचा हिशेब. बायबलच्या उत्पत्तिग्रंथात चाळीस दिवस पाऊस पडतो आणि उंच उंच डोंगर पाण्याखाली जातात. एव्हरेस्ट बाजूला ठेवू, ओमानातला जबल शम्सच घेऊ. त्याची उंची सुमारे ३,००० मीटर. चाळीस दिवसांत तिथवर पाणी चढायचं तर दिवसाला ७५ मीटर, म्हणजे तासाला तीन मीटरहून जास्त पाऊस हवा, आणि तोही साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी. वातावरणातली सगळी वाफ एकदम कोसळली तरी जगभर सरासरी २५ मिलिमीटरच पाणी साठेल. ध्रुवांवरचा नि हिमनद्यांमधला सगळा बर्फ वितळला तर समुद्र साधारण ६५ ते ७० मीटर वर येईल. उरलेल्या पाण्यासाठी आजच्या सगळ्या महासागरांइतका जवळपास आणखी एक साठा लागेल, आणि ओसरल्यावर तो कुठे गेला हेही सांगावं लागेल. अख्खं जग बुडवणारा प्रलय व्यवहारात शक्य नाही. याबाबत ‘दोन्ही बाजू आहेत’ असं म्हणणं मला प्रामाणिक वाटत नाही.

पण एवढं सांगून थांबलं तर कथेतला सर्वांत रोचक भाग हातातून निसटतो. तो भाग म्हणजे नौका.

बायबलमधल्या तारवाची लांबी ३०० हात, म्हणजे सुमारे १३५ मीटर. लाकडाला एवढी लांबी सोसत नाही. १९०९ मध्ये अमेरिकेत बांधलेलं ‘वायोमिंग’ हे सहा डोलकाठ्यांचं जहाज डेकवर मोजलं तर शंभर मीटरच्या थोडंसंच पुढे होतं. तरीही ते लाटांवर वाकायचं, फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपायचं, पंप चालू ठेवावे लागायचे. १९२४ मध्ये ते सगळ्या खलाशांसह बुडालं.

बायबलच्या शेकडो वर्षं आधीची जी मेसोपोटेमियन कथा आहे, तिच्यातली नौका मात्र वेगळी आहे. ब्रिटिश म्युझियमचे आयर्विंग फिंकेल यांनी इसवीसनापूर्वी १७५०च्या सुमाराची एक मातीची पाटी वाचून २०१४ मध्ये आपल्या पुस्तकात मांडली. तीत तारू चक्क गोल आहे, प्रचंड टोपलीसारखं. खजुराच्या तंतूंचा दोर किती, डांबराच्या भट्ट्या किती, लेप किती जाड, याची मापं तिथे दिली आहेत. आकार अवाढव्य आहे, पण कृती बोटी बांधणाऱ्यांच्या रोजच्या कामातली आहे.

आणि इथे ओमान थेट कथेला येऊन मिळतो. मेसोपोटेमियाच्या लेखांमध्ये ज्याला मगन म्हटलंय, तो तांब्याचा देश म्हणजे मुख्यतः आजचा ओमान. अक्कडचा राजा सार्गन मेलुहा (बहुधा सिंधू खोरं), मगन आणि दिलमून (बहरीन) इथल्या नौका आपल्या धक्क्याला लागतात म्हणून अभिमानाने सांगतो. अरबस्तानच्या पूर्व टोकाला, रास अल जिंझ इथल्या उत्खननात नैसर्गिक डांबराचे शेकडो तुकडे मिळाले, सुमारे ४,३०० वर्षांपूर्वीचे. त्यांच्या एका अंगाला बोरूच्या जुड्यांचे आणि दोऱ्यांचे ठसे आहेत, दुसऱ्या अंगाला समुद्रात राहिल्याशिवाय चिकटत नाहीत असे बार्नॅकल. म्हणजे हे डांबर खऱ्या नौकांवर होतं, त्या नौका खऱ्या समुद्रात फिरल्या आणि जुनं डांबर पुन्हा वापरण्यासाठी खरवडून ठेवलं गेलं. त्याच वस्तीत सिंधू संस्कृतीची भांडीही सापडली आहेत.

या पुराव्यावरून २००५ मध्ये ओमानातल्या सूर इथे बारा मीटरची बोरूची, डांबर लावलेली ‘मगन’ नौका बांधली गेली. सप्टेंबरमध्ये ती गुजरातच्या किनाऱ्याकडे निघाली आणि ओमानच्या किनाऱ्यापासून काही मैलांवरच पाणी भरून बुडाली. सोबतच्या ओमानी नौदलाच्या जहाजामुळे खलाशी वाचले. पुढे या प्रकल्पातले टॉम व्हॉस्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिंकेल यांच्या पाटीवरून गोल तारवाची लहान आवृत्ती केरळच्या बॅकवॉटरमध्ये बांधली. ती तरंगली, पण डांबर हवं तसं न मिळाल्याने झिरपत राहिली. या प्रयोगांना मी अपयश मानत नाही. बोरू नि डांबराच्या बोटी समुद्र ओलांडत होत्या हे रास अल जिंझचे तुकडे सांगतातच. लेपाची ती नेमकी विद्या आज आपल्या हातात नाही, हे बुडालेल्या ‘मगन’ने दाखवलं.

कथेला विज्ञानाचा टेकू देऊ पाहणारेही खूप आहेत. हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता, तेव्हा होर्मुझपलीकडचं पर्शियन आखात कोरडं होतं. त्यात नद्या वाहत होत्या. दक्षिण ओमानातल्या धोफारमध्ये काम केलेले पुरातत्त्वज्ञ जेफ्री रोझ यांनी त्या कोरड्या आखातात माणसांची वस्ती असावी अशी मांडणी २०१० मध्ये केली. ती विचार करण्याजोगी आहे. पण त्यावरून ‘हाच नोहाचा पूर’ म्हणणाऱ्यांना एक साधी गोष्ट विचारावीशी वाटते. हजारेक किलोमीटरचं आखात भरायला सहा-आठ हजार वर्षं लागली, म्हणजे पाणी वर्षाला सरासरी दीडशे मीटरच्या आसपास पुढे सरकलं. सपाट भागात काही वर्षं ते जास्त वेगाने आलं असेल. तरी त्यासाठी तारू बांधावं लागत नाही, झोपडी उचलून मागे जावं लागतं.

हा मोह आपल्यालाही सुटलेला नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३च्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये मनूचा जलप्रलय आणि पारशांच्या अवेस्ता ग्रंथातलं यिमा राजाचं हिमसंकट यांचा मेळ घालून त्यामागे हिमयुगाची स्मृती पाहिली. त्यांची विद्वत्ता थोर होती, पण आर्यांचं आर्क्टिक मूलस्थान आज पुराव्यावर टिकत नाही. शतपथ ब्राह्मणात मनूची नौका माशाच्या शिंगाला बांधली जाते आणि उत्तरेच्या डोंगराशी पोचते. नौकेचं माप तिथे दिलेलंच नाही. कुराणातही पूर येतो तो नूहच्या कौमावर, आणि सारी पृथ्वी बुडाली असं मानण्याची सक्ती त्यातून निघत नाही असं म्हणणारे मुस्लिम अभ्यासक आहेत. श्रद्धेला घनमीटरांच्या परीक्षेला बसवायचा आग्रह ग्रंथांपेक्षा आपलाच जास्त आहे.

तो आग्रह मला घातक वाटतो, कारण त्यात खरे पूर दुर्लक्षिले जातात. २८ नोव्हेंबर १९४५ला पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि त्सुनामीची लाट ओमानपर्यंत आली. सूरच्या खाडीत तिने टाकलेला शिंपल्यांचा थर अभ्यासकांनी शोधून काढला आहे. जबल अख्दरच्या चुनखडीतल्या शिंपल्यांसारखे हे नाहीत, हे खरोखरच पाण्याने उचलून आणलेले आहेत. तीच लाट मुंबईलाही पोचली आणि तिथेही माणसं वाहून गेली. ऐंशी वर्षांपूर्वीची ही घटना मुंबईत कितीजणांना ठाऊक आहे? ओमानने २००४ची त्सुनामी आणि २००७चं ‘गोनू’ वादळ पाहिल्यावर मस्कतला पूर्वसूचना केंद्र उभारलं, २०१५ मध्ये. मकरानच्या त्या भूकंपाच्या भेगेसमोर मस्कत जसं आहे तसा कोकणचा किनाराही आहे, आणि शाळेत प्रलयाची गोष्ट शिकणाऱ्या रत्नागिरीच्या मुलाला १९४५ची लाटही शिकवली गेली पाहिजे.