गोळी, कोठडी आणि पहिली नोंद

अटक करताना पोलिसाला बळ वापरता येते आणि ते किती, हेही कायद्यात लिहिलेले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६) म्हणते की पकडायचा माणूस विरोध करत असेल किंवा निसटू पाहत असेल, तर त्याला ताब्यात घेण्यासाठी लागतील ती सर्व साधने वापरावीत. पण ज्याच्यावर मृत्युदंडाच्या वा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा हक्क या कलमातून मिळत नाही. माणूस पकडला गेल्यानंतरची मर्यादा याहून साधी आहे: तो पळून जाऊ नये एवढ्यापुरताच आवर, त्यापलीकडे काही नाही.

या रचनेतली गोम आरोपाच्या वजनात आहे. जन्मठेपेच्या गुन्ह्यांची यादी काढली तर खून आणि दरोड्याशेजारी बनावट नोटा छापणे येते, आणि सरकारी नोकराने किंवा बँकवाल्याने केलेला अपहारही येतो. जळगावच्या पतसंस्थांमध्ये पैसे बुडालेल्या ठेवीदारांना तोंडपाठ झालेले भारतीय दंड संहितेचे जुने कलम ४०९ ते हेच. अशा गुन्ह्यातला आरोपी पळाला म्हणून त्याच्यावर गोळी झाडणे कोणालाच पटणार नाही, आणि घटनेचे कलम २१ पाहता न्यायालयातही ते टिकणे अवघड. तरी कलमाच्या शब्दांत तो अडसर नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये टेनेसीच्या एका खटल्यात वेगळी कसोटी लावली. पळणारा माणूस इतरांच्या जिवाला गंभीर धोका असेल तरच गोळी. आरोप केवढा मोठा, याने फरक पडत नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये हवाना येथे स्वीकारलेली तत्त्वेही धोक्यावरच बोट ठेवतात. भारतीय कलम मात्र अजून आरोपाकडे पाहते, आणि आरोप कोणता लावायचा हे सुरुवातीला पोलीसच ठरवतात.

जमाव पांगवणे हा बळाचा दुसरा प्रसंग. तिथे आदेश कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा, ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा किंवा त्याच्या गैरहजेरीत किमान उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याचा हवा. आधी जमाव बेकायदा असला पाहिजे, त्याला पांगण्याचा हुकूम दिलेला असला पाहिजे आणि तो मोडलेला असला पाहिजे. त्यानंतर इशारा, अश्रुधूर, लाठी आणि अगदी शेवटी गोळी. तीही नेमकी, खाली रोखलेली आणि जमाव हलू लागताच थांबणारी. पोलीस प्रशिक्षणात हा क्रम पाठ करून घेतात. धुळ्यात पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे आणि राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ देखील, म्हणजे नियम शिकवण्याची सोय गावातच आहे.

धुळे ज्या खानदेशात आहे, तिथे पोलीस हा प्रकार आला तो फौजेच्या वेशात. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि सातपुड्यातल्या भिल्लांना केवळ बंदुकीने वश करता येत नाही हे ध्यानात आल्यावर १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावात भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांच्याच हाती शस्त्र देऊन भिल्लांचा बंदोबस्त, अशी ती युक्ती होती. इंग्रज ग्रंथकार तिचे भरभरून कौतुक करतात. ज्यांच्यावर ती चालवली त्यांनी लिहून ठेवलेले फारसे हाती लागत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला, तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात, तिरंगा घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. त्या गोळीबाराचा जाब कोणी विचारायचा हा प्रश्नच तेव्हा नव्हता. राज्य परके होते आणि पोलीस त्याचे. स्वातंत्र्यानंतर राज्य बदलले, पण १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम (आजचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) आला तो जुन्या सांगाड्यावरच. पदाच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला भरायला मुदतीची मर्यादा घालणारे कलम १६१ त्यात आहे.

६ जानेवारी २०१३ चा रविवार धुळ्यात या सगळ्या नियमांची परीक्षा घेऊन गेला. मच्छीबाजार भागात हॉटेलातल्या किरकोळ बिलावरून भांडण झाले, त्याला हिंदू-मुस्लिम वळण लागले, दोन्हीकडून दगड आले. पोलिसांनी गोळीबार केला. सहा जण मृत्युमुखी पडले, सहाही मुस्लिम तरुण. शंभराहून अधिक पोलीस जखमी झाल्याचे दलाकडून सांगण्यात आले. गोळ्या कमरेच्या वर लागल्या, असा आक्षेप सत्यशोधनासाठी गेलेल्या नागरिक गटांनी घेतला. परिस्थिती हाताबाहेर गेली होती आणि दुसरा इलाज नव्हता, ही पोलिसांची बाजू. दोन जमाव समोरासमोर होते, मग सर्व मृत एकाच बाजूचे कसे, या प्रश्नाचे उत्तर त्या बाजूतून मिळत नाही.

त्यानंतर जे घडले ते उत्तरदायित्वाच्या दृष्टीने अधिक शिकवणारे आहे. दंगलीच्या काळात वर्दीतले काही पोलीस गाड्या फोडताना आणि वस्तू उचलून नेताना मोबाइलच्या चित्रफितींमध्ये दिसले. फिती सर्वत्र फिरल्या आणि त्यांवरून काही पोलिसांना अटक झाली. सहा मृत्यूंचा प्रश्न मात्र निवृत्त न्यायमूर्ती श्रीकांत मालटे यांच्या चौकशी आयोगाकडे गेला. लुटीवर फौजदारी कारवाई, मृत्यूंसाठी आयोग. ही विभागणी कोणी ठरवून केली असे म्हणता येत नाही. लुटीचा पुरावा पोलिसांच्या हाताबाहेर तयार झाला होता. गोळीबाराची कथा पोलिसांच्या कागदांतच होती: कोणी हुकूम दिला, इशारा दिला का, कोणत्या बंदुकीतून किती फैरी सुटल्या, हे सांगणारी स्टेशन डायरी, शस्त्रागाराची नोंदवही आणि वायरलेसची नोंद ठाण्यातच राहते. गोळीबाराचे हे खरे बलस्थान आहे. ज्याच्याबद्दल तक्रार आहे, पहिली हकीकत लिहिणाराही तोच.

आयोगाचा उपयोग काय, हे १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यावरून कळते. आयोग शिक्षा देत नाही, त्याचा अहवाल सरकारला बांधत नाही, आणि त्याच्यापुढे दिलेला जबाब पुढे त्याच साक्षीदाराविरुद्ध सहसा वापरता येत नाही. सहा महिन्यांत कृती अहवालासह विधिमंडळापुढे ठेवावा, एवढेच बंधन. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीवरचा न्या. श्रीकृष्ण यांचा अहवाल १९९८ मध्ये आला. त्याने सुलेमान उस्मान बेकरीतल्या गोळीबारावर कठोर शब्दांत बोट ठेवले, पण तत्कालीन सहपोलीस आयुक्त रा. द. त्यागी २००३ मध्ये खटल्यातून मुक्त झाले. उलट उदाहरण घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरचे. ११ जुलै १९९७ रोजी राखीव दलाच्या गोळीबारात तिथे दहा दलित मारले गेले. गुंडेवार आयोगाने उपनिरीक्षक मनोहर कदम याला दोषी धरले, आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. राज्यात गोळीबारासाठी वर्दीतल्या माणसाला झालेली ही दुर्मीळ शिक्षा, तीही बारा वर्षांनी आणि एका उपनिरीक्षकाला. वरून हुकूम किंवा ढिलाई कोणाची होती, इथपर्यंत प्रकरण गेले नाही.

जमावावर गोळी सुटली तर निदान साक्षीला रस्ता असतो. कोठडीत तोही नाही. म्हणून ताब्यातल्या मृत्यूसाठी कायद्याने जास्त कागद मागितले. डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या अटी आता संहितेत आल्या आहेत: पकडणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९३ पासूनच कोठडीतल्या मृत्यूची खबर चोवीस तासांत मागितली आणि पुढे शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाचा आग्रह धरला. २००६ पासून अशा मृत्यूची चौकशी कार्यकारी नव्हे तर न्यायदंडाधिकाऱ्याने करायची आहे. नव्या संहितेत हे कलम १९६ आहे. बदल लहान वाटतो, पण मोठा आहे. तहसीलदार आणि प्रांत हे पोलिसांच्या सोबत रोज बंदोबस्त ठरवणारे अधिकारी; न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या देखरेखीखालचा.

कागद वाढले तसे कागद बनवण्याची कलाही वाढली. घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या गुन्ह्यात पकडलेला परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस जानेवारी २००३ मध्ये, गाडीला अपघात झाला तेव्हा पळून गेला, असे लिहिले गेले. तो कोठडीतच मेला आणि अपघाताची कथा रचलेली होती, असे सीआयडीच्या तपासात पुढे आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत चोरीच्या गुन्ह्यात ताब्यात घेतलेल्या एका तरुणाबाबतही तो पळाल्याची नोंद झाली. प्रत्यक्षात मारहाणीत त्याचा जीव गेला होता आणि प्रेत आंबोलीच्या घाटात नेऊन जाळले होते. मधल्या चौदा वर्षांत भरपूर परिपत्रके निघाली, पण ‘पळाला’ हा शब्द तसाच उपयोगी राहिला. त्याखालोखाल उपयोगी पडते ती ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद. हृदयविकार, फास, आजार असे कारण त्यात एकदा चढले की ते खोटे ठरवण्याचे ओझे घरच्यांवर येते. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसह, कॅमेरे लावून चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. कॅमेरा हा पोलिसांनी न लिहिलेला कागद आहे, पण त्याची किल्ली ठाण्यातच असते. राजस्थानातल्या कोठडी मृत्यूंची बातमी वाचून सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

धुळे-जळगावच्या माणसाला दाद मागायची तर वाट मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाते, कारण मराठवाड्यासह हे जिल्हे त्याच्या अखत्यारीत आहेत. म्हणून परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी प्रकरणाचा निकाल खानदेशालाही लागू पडणारा आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटले, धरपकड झाली. कायद्याचा विद्यार्थी असलेला सोमनाथ काही दिवस पोलीस कोठडीत होता आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मेला. मारहाण झाली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता, असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे आलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. न्यायदंडाधिकाऱ्याच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. तरीही गुन्हा नोंदला गेला नाही. आई खंडपीठात गेली, प्रकाश आंबेडकर यांनी तिची बाजू मांडली, ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला हरले. दंडाधिकाऱ्याचा अहवाल हाती असून साधा गुन्हा नोंदवून घ्यायला दोन न्यायालये लागली, कारण चौकशी झाली की खटला उभा राहतोच असे संहितेत कुठेही लिहिलेले नाही.

पुढे सरकारी मंजुरीचे दार आहे. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी लोकसेवकावर खटला चालवायला सरकारची परवानगी लागते, जमाव पांगवण्याच्या कृतीसाठी तर वेगळ्या कलमाने लागते. कोठडीतली मारहाण हे कर्तव्य नव्हे असे न्यायालयांनी पुष्कळदा म्हटले आहे, पण तो वादच वर्षे खातो. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंह निकालाने २००६ मध्ये स्वतंत्र तक्रार प्राधिकरणे मागितली होती. महाराष्ट्राने ती २०१४ च्या दुरुस्तीने कायद्यात आणली, मात्र शिफारशीचे काय करायचे हे शेवटी सरकारच्या हाती ठेवले. भरपाईचा मार्ग त्यामानाने सोपा. नीलाबती बेहरा खटल्यात १९९३ मध्ये दीड लाख रुपये देताना सर्वोच्च न्यायालयाने तो सार्वजनिक कायद्याचा उपाय ठरवला, आणि तेव्हापासून पैसे तिजोरीतून जातात. मारणाऱ्याच्या पगारातून क्वचितच.

पहिली नोंद पोलिसांचीच राहणार असेल, तर पुराव्याचे ओझे उलटवणे हा एक मार्ग उरतो. विधी आयोगाने १९८५ मध्ये ११३ व्या अहवालात तो सुचवला: कोठडीत माणसाला इजा झाली असेल तर ती ताबा घेणाऱ्या अधिकाऱ्याने केली, असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, म्हणून पुरावा कायद्यात ११४-ब हे कलम घालावे. भारताने १९९७ मध्ये छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, पण तो अजून मान्य केलेला नाही. २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केलेले छळविरोधी विधेयक राज्यसभेत अडकले आणि बुडाले. २०१७ मध्ये विधी आयोगाच्या २७३ व्या अहवालाने तेच गृहीतक पुन्हा मागितले. २०२४ मध्ये पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला, कलमांचे क्रमांक बदलले. ११४-ब त्यात नाही.