शेवटची सर

दरड कोसळून गाव गाडले गेले, की आपण चटकन म्हणतो, “पावसाने घात केला.” घटना खरी, पण निवाडा घाईचा आहे. सह्याद्रीवर पाऊस काही आज पडू लागलेला नाही. दर पावसाळ्यात तो तेथे कोसळतो आणि बहुतेक डोंगर जागच्या जागी उभे राहतात. मग एखादाच डोंगर एखाद्याच रात्री का ढळावा?

याचे उत्तर मुलांच्या दिवाळीतल्या किल्ल्यात सापडते. कोरड्या मातीचा बुरूज उभा राहत नाही. बेताचे पाणी मिळाले की तीच माती एकमेकींना धरून राहते. अळीव लवकर उगवावेत म्हणून कोणी तांब्याच उपडा केला, तर मात्र बुरूज बसतो. डोंगराचेही तसेच. आठवडेच्या आठवडे पाणी मुरते, खडकावरच्या मातीतील फटी भरतात, आतला दाब वाढतो आणि कणांची पकड सैल होते. उतारावरची झाडे गेलेली असली किंवा पायथा खणलेला असला, तर आधार आणखी कमी. मग एक जोराची सर पुरते. म्हणून मोसमाची नुसती बेरीज पाहून भागत नाही. कोणत्या पावसामागून कोणता पाऊस आला, हे पाहावे लागते. माळीण ३० जुलै २०१४ला गेले, तळिये २२ जुलै २०२१ला, इरशाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री. तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या. तोवर डोंगराचे पोट भरलेले असते.

घरे फुटतात तेव्हाही आपण शेवटच्या शब्दावर खापर फोडतो. आधीची मुरलेली वर्षे कोणी मोजत नाही. शेवटच्या सरीला दोष देण्यात सोय एवढीच, की ती उत्तर द्यायला येत नाही.

“तेथे राहिलेच कशाला?” असेही विचारले जाते. ज्याला दुसरी जमीन नाही, त्याला हा प्रश्न विचारणे फार सोपे आहे. उताराला भेगा पडतात, झाडे कलतात, झऱ्याला अचानक गढूळ पाणी येते. हे गावकऱ्याला आधी दिसते. पण गाव हलवायला जमीन आणि पैसा लागतो, तो त्याच्या हाती नसतो. इरशाळवाडीचे नाव तर धोक्याच्या गावांच्या यादीतही नव्हते.

पाऊस आपल्या हाती नाही, हे खरेच. पण त्याच्या आधीचे आठ महिने कोणाच्या हाती होते? दिवाळी येते तेव्हा पाऊस सरलेला असतो आणि आपण तो विसरतो. विचारायचे ते खरे आत्ताच.