दुसऱ्याचं घड्याळ

पुण्याच्या जुन्या बाजारात मी एचएमटीचं 'जनता' घेतलं. रोज चावी द्यावी लागते, आणि तरी ते थोडं मागे पडतं. मागच्या झाकणावर 'सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट', एक नाव आणि १९८४ असं कोरलंय.

मित्रानं विचारलं, "आजोबांचं का रे?" मी "हो" म्हणून गेलो. माझे आजोबा सावलीवरून वेळ ओळखायचे. त्यांच्या मनगटावर घड्याळ कधी नव्हतंच.

घड्याळजी म्हणाला होता, "तबकडी नवी रंगवू, झाकण घासून नाव घालवू." मी नको म्हटलं. जुनेपणासाठीच तर पैसे मोजले होते. पण त्या एका 'हो'नं मीही ते नाव पुसलंच की.

वेळ तर फोन अचूक दाखवतो. मग ओढ कशाची? एचएमटीची मनगटी घड्याळं बंगळुरूत १९६१ पासून सिटिझनच्या सहकार्यानं बनू लागली. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. पण दुर्मीळ म्हणून मी हे घेतलं नाही. आपल्याआधी कुणीतरी याला रोज चावी दिली, ही गोष्ट मला हवी होती. ती हवी असेल, तर त्या माणसालाही त्यात जागा ठेवायला हवी. घड्याळ विकत मिळतं, आजोबा नाही.

दुसऱ्या दिवशी मित्राला खरं सांगितलं. त्यानं घड्याळ उलटं करून नाव वाचलं. "मग हे कोण?"

"माहीत नाही," मी म्हणालो, "पण घड्याळ त्यांचं आहे."