आधी लागतं लक्ष

गावातल्या शाळेत दुपारी खिचडी शिजते. तो वास तुमच्याही ओळखीचा असेल. एखादं मूल ताटातली अर्धी खिचडी तशीच ठेवतं. वाढणाऱ्या ताईंचं तिकडे लक्ष जातं. ताई बाईंना सांगतात, बाई त्याच्या आईला. औषध पुढे लागेलही, पण आधी लागतं लक्ष. शाळेच्या परसबागेत कुणीतरी शेवगा लावलेला असतो. त्याचा कोवळा पाला सगळ्यांच्या खिचडीत पडतो. किती मायेचं काम हे!

शेजारच्या मुलाचा खोकला हटत नाही, हे आपल्याही कानांवर येतं. मग त्याच्या आईशी बोलायला संकोच कशाला? आधी लागतं लक्ष. थोड्या वेळाने मुलं तुमच्या दारावरून शाळेत निघतील. एखादं मागे रेंगाळत असेल. त्याला हाक मारा. विचारा, "काही खाल्लंस का रे बाळा?"