न दिसण्याचे प्रमाण

6 ऑगस्ट 1961 रोजी घेरमान तितोव्ह हा पंचविशीतला सोव्हिएत अंतराळवीर ‘वोस्तोक-2’ यानातून निघाला आणि पृथ्वीभोवती 17 प्रदक्षिणा घालून 25 तासांनी परतला. माणूस कक्षेत, म्हणजे पृथ्वीभोवतीच्या भ्रमणमार्गावर, पूर्ण दिवस जगू शकतो का, याची ती परीक्षा होती आणि मळमळ सोसत, जेवून, झोपून त्याने ती स्वतःच्या देहावर दिली. पुढच्या वर्षी सिअ‍ॅटल येथे त्याने सांगितले की, वर आपल्याला देव किंवा देवदूत कोणीही दिसले नाहीत.

हे विधान उद्धट म्हणून झटकणे अन्यायाचे होईल, कारण भारतीय दर्शनांनी असा युक्तिवाद फार आधी गंभीरपणे तपासला आहे. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत ‘अनुपलब्धी’, म्हणजे वस्तू न आढळणे, हे तिच्या अभावाचे स्वतंत्र प्रमाण मानले जाते. मात्र त्याला योग्यतेची अट आहे, ती अशी की वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती. सांगली जिल्ह्यातील जतसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात ही अट समजावून सांगावी लागत नाही : विहिरीच्या तळाशी पाणी दिसले नाही तर तेथे पाणी नाही हे खरे, पण तेवढ्यावरून खडकाखाली झरा नाही असे कोणी म्हणत नाही. ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथात नैयायिक उदयनाचार्यांनी निरीश्वरवाद्यांना नेमके हेच उत्तर दिले : ईश्वर इंद्रियांना दिसण्याजोगा नसेल, तर त्याचे न दिसणे त्याच्या नसण्याची साक्ष देत नाही.

तरीही तितोव्हचे म्हणणे पूर्णपणे वाया जात नाही. देवाचे घर ढगांच्या वर कुठेतरी आहे, असे जे शब्दशः मानतात, त्यांच्यापुरती योग्यतेची अट पुरी होते आणि त्या समजुतीला धक्का बसतो. मात्र तो ज्या उंचीवर होता ती जेमतेम 200 किलोमीटर, म्हणजे जतहून पुण्याला जाणाऱ्या रस्त्यापेक्षाही कमी होती, हेही विसरता येत नाही. उलट बाजूने पाहता, उदयनाचार्यांचे उत्तर श्रद्धावानालाही पुरावा देत नाही, ते केवळ खंडनाला थोपवते. ईश्वर आहे हे दाखवण्यासाठी त्यांना अनुमानाचा वेगळा मार्ग धरावा लागला.

पाहण्याची आणखी एक रीत जवळच आढळते : जत तालुक्यातीलच गुड्डापूर येथे बाराव्या शतकातील शरणी (शिवभक्त संत) दानम्मादेवीचे मंदिर आहे आणि तेथे मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांचे भाविक येतात. शरणांच्या लिंगायत परंपरेत गुरूकडून मिळालेले इष्टलिंग, म्हणजे शिवाचे लहान प्रतीक, अंगावर धारण करतात आणि पूजेच्या वेळी ते डाव्या तळहातावर ठेवून त्यावर दृष्टी स्थिर करतात. तेथे डोळे आभाळाकडे वळत नाहीत, आणि वीतभर अंतरावर असूनही ज्याचा शोध चालू आहे ते नुसत्या पाहण्याने हाती लागते, असा दावाही कोणी करत नाही.