‘यूट्यूबवर आहे’ हे उत्तर मला पुन्हा नको

उभे राहा. मागच्या बाकावरचेही. लघुपटाचा मास्टर मागितला तर एकाकडेही नाही? ‘सर, हार्ड डिस्क उडाली, पण यूट्यूबवर आहे ना!’ असं सांगताना जीभ कशी अडखळत नाही रे तुमची? तिथं आहे ती दाबून लहान केलेली फाईल. अंधाराच्या दृश्यात नुसते चौकोन दिसतात. खातं बंद पडलं की तीही गेली.

‘आलम आरा’, १९३१. आपला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत सापडत नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५चा मूक ‘सावकारी पाश’, ज्यात शांतारामबापू शेतकरी झाले होते, तोही गेला. त्या काळातल्या कितीतरी फिल्म चांदीसाठी धुतल्या गेल्या, भंगारात गेल्या. परक्यांनी नाही, ज्यांच्या ताब्यात होत्या त्यांनीच विकल्या. तुम्ही वेगळं काय केलंत? लघुपटासाठी त्या म्हाताऱ्या प्रोजेक्टर ऑपरेटरनं तुमच्यापुढं आपलं सगळं आयुष्य उलगडलं, आणि कार्डात जागा हवी म्हणून तुम्ही ते कच्चं फुटेज पुसलंत. उरली तुमच्या कात्रीतून सुटलेली सात मिनिटं!

असिटेट फिल्म सडायला लागली की डबा उघडताच आंबूस वास येतो, माणूस सावध होतो. हार्ड डिस्क एक दिवस सुरूच होत नाही. डिस्क असो वा टेप, दर काही वर्षांनी सगळं नव्यावर उतरवावंच लागतं. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ निगेटिव्ह फेकायची नसते. उद्या याहून चांगला स्कॅनर आला तर त्यात काय घालाल?

नुसतं कुलूपबंद ठेवणं हीही जपणूक नव्हे. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी तिथं हयात घातली. फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’चे तुकडे त्यांनी जुळवले, आणि जगातले उत्तमोत्तम चित्रपट कर्नाटकातल्या हेग्गोडू गावी नेऊन शेतकऱ्यांना दाखवले. तुम्ही याच पुण्यात राहता. त्या संग्रहालयाची पायरी चढलेला एक तरी असेल तर हात वर करा. ...बघा. आणि प्रभातचा ‘संत तुकाराम’ फोनवर दीडपट वेगानं बघता! दामले-फत्तेलालांनी प्रत्येक दृश्याला दिलेला वेळ तुम्हाला जास्त वाटतो?

खाली बसा आणि लिहून घ्या. सोमवारी प्रत्येक गटानं मास्टर, उरलंसुरलं मूळ फुटेज आणि ध्वनीच्या वेगळ्या फाईली आणायच्या. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी, नातलगाकडे. सोबत साधा कागद: कुणी, कधी, कुठे, कोणत्या कॅमेऱ्यानं चित्रित केलं, हक्क कुणाचे. मराठी उपशीर्षकंही हवीत; ज्यांना ऐकू येत नाही त्यांनीही तुमचा लघुपट पाहायचा आहे. एवढं झाल्याशिवाय पुढच्या चित्रीकरणाला कॅमेरा देणार नाही.