साहेब मीटिंगमध्ये आहेत

क्षेत्रफळात राज्यात पहिला असलेला आपला नगर जिल्हा 17,048 चौरस किलोमीटरचा आहे आणि तालुके 14. रिसेप्शनिस्टच्या नोकरीशी या आकड्यांचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध असा, की या जिल्ह्यात 'उद्या या' हे दोन शब्द फार महाग पडतात. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातून पहाटेची एसटी धरून नगरला आलेल्या माणसाला दुपारी एक वाजता काउंटरवर 'आज होणार नाही, उद्या या' असं ऐकवलं की त्याचा दिवस बुडाला, सोबत आलेल्याचा बुडाला आणि उद्याच्या तिकिटाची सोय पुन्हा बघायची. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आधीच्या वर्षापासून फुकट प्रवास आहे. पण बुडालेली रोजंदारी कुठलीच योजना भरून देत नाही. आणि हे महागडे दोन शब्द तोंडातून काढते ती कोण, तर तुटपुंज्या पगारावर काउंटरमागे बसवलेली एखादी विशीतली मुलगी. निर्णय तिचा नसतो. तिला आतून कुणीतरी तसं सांगायला लावलेलं असतं किंवा, जास्त वेळा, कुणी काहीच सांगितलेलं नसतं.

दवाखाना, हॉटेल, कंपनी, पतसंस्था, सगळीकडे टेबल तेच, फोन तोच, वहीही तीच. तरी एकीकडची नोकरी सुसह्य असते आणि दुसरीकडची माणसाला पिळून काढते. लोक म्हणतात, गिऱ्हाइकाच्या स्वभावावर असतं. मला ते अर्धंच पटतं. मला दिसतं ते असं, की आतली माणसं काउंटरवरच्या माणसाला किती सांगतात यावर सगळं ठरतं.

नगरमधलं सगळ्यात वर्दळीचं रिसेप्शन कुठलं म्हणाल, तर माळीवाडा स्टँडवरची चौकशीची खिडकी. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला धावली ती पुणे-नगर मार्गावरच. त्या खिडकीतल्या कंट्रोलरला हसायला कुणी शिकवलेलं नाही. माइकवरचा त्याचा आवाज खरखरीत, उत्तर तुटक: 'पाथर्डी? लागेल. तिकडं बसा.' लोक त्याला शिव्या घालतात, पण त्याचं ऐकतात, कारण त्याला माहीत असतं. प्रत्येक कंडक्टर आल्यावर आणि निघताना नोंदीसाठी त्याच्याच पुढ्यात उभा राहतो. गाडी कुठं बंद पडली, कुठली रद्द झाली, हे त्याच्या कानावर आधी जातं आणि प्रवाशाच्या नंतर.

सरकारी कचेरीत मोठ्या साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसलेला शिपाई हाही त्याच जातकुळीतला. काम रिसेप्शनिस्टचंच: कुणाला आत सोडायचं, कुणाला थांबवायचं, कुणाची चिठ्ठी वर ठेवायची. पण त्याच्यावर कुणी आवाज चढवत नाही. उलट त्यालाच चहा पाजतात. साहेब कधी आले, कुणावर चिडले, दौऱ्यावर कधी निघणार, हे सगळं त्याला ठाऊक असतं. पगार फार नसला तरी वजन असतं.

शिर्डीला चित्र वेगळं. तिथल्या लॉजच्या आणि हॉटेलच्या काउंटरवरच्या राहाता-कोपरगावकडच्या पोरांना तेलुगू बोलताना ऐकावं. शाळेत कुणी शिकवलेली नसते, आंध्र-तेलंगणातून येणाऱ्या भक्तांनीच ती त्यांच्या तोंडात बसवलेली असते. खोलीचं भाडं, गरम पाणी, आरतीची वेळ एवढ्यापुरती ती अस्खलित असते. काम सोपं नाही. रात्री दोनला बस येते, चाळीस माणसं एकदम उतरतात, प्रत्येकाचं आधार कार्ड बघून नोंद करायची; परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन भरायची; शिवाय पहाटे काकड आरतीला जाणाऱ्यांना उठवायचं. आणि हे सगळं हसून. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्ली हॉक्शिल्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवून दिलं, की हसण्यालाही श्रम पडतात आणि ते पगारातच विकत घेतलेले असतात. शिर्डीच्या काउंटरला हे तंतोतंत लागू पडतं. तरीही तो पोरगा मला त्यातल्या त्यात सुखी वाटतो. खोली आहे की नाही, हे त्याच्यासमोरच्या बोर्डावर किल्ल्यांच्या रूपात लटकलेलं असतं. नाही म्हणताना त्याला नजर चोरावी लागत नाही. दर्शनाला किती वेळ लागेल हे मात्र त्याच्या हातात नसतं, आणि गुरुवारी सगळे नेमकं तेच विचारतात.

एमआयडीसीतल्या कंपन्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नागापूर घ्या की सुपा, खरं रिसेप्शन गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमध्येच उरकतं. गेटपास तिथं फाडतात, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर तिथं लागतो. आतल्या मुलीकडे कुरिअर, एक्स्टेन्शन नंबर आणि पेमेंटसाठी चकरा मारणारे सप्लायर. 'अकाउंट्सचे साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य ती दिवसभर म्हणते आणि साहेब समोरच्याच काचेआड डबा खात असतात. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाल्यापासून फोनवर पत्ता सांगताना तिचं एक वाक्य वाढलंय, कारण पलीकडून हमखास येतं, 'म्हणजे नगरच ना?'

पतसंस्थेचं दुखणं निराळंच. तिथली मुलगी गावातलीच, ठेवीदारही गावातलेच. कित्येकांनी तिच्या ओळखीवरच पैसे ठेवलेले. संस्था डळमळली की संचालक फोन बंद ठेवतात आणि 'मॅनेजर रजेवर आहेत' हे सांगायला ती उरते, आपल्याच सख्ख्या मावशीला. ऑक्टोबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला तेव्हा निदान पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण होतं. पतसंस्थेच्या ठेवीला तेवढंही कवच नाही. ती मुलगी संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी जाते, हे कुठल्याही चौकशी अहवालात येत नाही.

पण सगळ्यात कठीण खुर्ची दवाखान्याची. समोरचा माणूस घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस चिडल्यासारखा बोलतो. सावेडीतल्या एका दवाखान्यात मी एकदा माझ्या नंबरची वाट बघत बसलो होतो. हॉल भरलेला. काउंटरवरची मुलगी एका हातानं केसपेपर लिहीत, दुसऱ्या हातानं फोन घेत होती. फोनवर एकच प्रश्न, 'किती नंबर चालूए?' चालू एकही नव्हता, डॉक्टर आलेच नव्हते. पागोटं बांधलेले एक म्हातारबाबा आणि त्यांची बायको सकाळपासून बसलेली. बाबा तिसऱ्यांदा उठून आले. 'ताई, डाक्टर कव्हा येतील गं?' मुलीनं मान वर केली, इकडंतिकडं बघितलं आणि फोन कानाला लावला. 'दादा, निघालात का? ... बरं.' तो डॉक्टरांच्या ड्रायव्हरचा नंबर होता. मग हळूच म्हणाली, 'बाबा, तुम्ही दोघं जेवून या. अडीचच्या आत काही येत नाहीत ते. नंबर जात नाही तुमचा, मी आहे.' म्हातारीनं पिशवी उचलली. दोघं गेली, त्यांच्यामागं ऐकणारी आणखी तीन-चार माणसं उठली.

पाच मिनिटांत आतून मॅनेजर आला. 'पेशंटला बाहेर का सोडलं? येतीलच इतक्यात, असं सांगायचं.'

मॅनेजरच्या लेखी तिची चूक कुठली, ते त्या एका वाक्यात होतं. अडीच म्हटलं की माणूस जेवायला जातो; जाताजाता शेजारच्या डॉक्टरची पाटी वाचतो आणि कदाचित तिकडंच वळतो. 'येतीलच इतक्यात' म्हटलं की तो खुर्ची सोडत नाही. म्हणजे काउंटरवरची अनिश्चितता हा नेहमी गबाळेपणा नसतो, पुष्कळदा तो धंद्याचा भाग असतो. तो चालवायचा तर काउंटरवरच्या मुलीला काही न सांगणंच बरं. माहीत असलं तर ती सांगून टाकेल. मग शिव्या ती खाते, आणि आतला माणूस 'जरा गर्दी होती' म्हणत प्रसन्न चेहऱ्यानं पेशंट तपासतो. काउंटरवर बहुतेक मुलीच का बसवतात, याचंही उत्तर यातच आहे. बाईसमोर लोक आवाज थोडा खाली घेतात, असा हिशेब असतो. तो हिशेब फार वेळ टिकत नाही, हे कुठल्याही दवाखान्यात सोमवारी सकाळी जाऊन बघावं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र नावाचं पद असतं. रेशनकार्ड, आधार बघून उपचार योजनेत बसतो का, कागद कुठले लागतील, हे तो सांगतो. तोही काउंटरवालाच, पण तो रुग्णालयाचा नोकर नसतो आणि पेशंटला माहिती देणं हेच त्याचं काम असतं. त्याच्याभोवतीची गर्दी तक्रार करते, पण ऐकते. त्यातही योजनेचा कागद वरून मंजूर व्हायला वेळ लागला की त्याचीही गत त्या मुलीसारखीच होते.

गंमत अशी, की हा जिल्हा माहितीच्या अधिकाराच्या चळवळीचा. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजाऱ्यांनी उपोषणं केली, राज्याचा कायदा 2002 मध्ये आला, देशाचा 2005 मध्ये. पुढं दफ्तर दिरंगाईचा कायदा झाला, 2015 मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम आला आणि कोणता दाखला किती दिवसांत मिळणार याचे फलक कचेऱ्यांत लागले. नागरिकाला दहा रुपयांच्या अर्जावर सरकारी फाईल बघता येते. पण ज्या मुलीच्या तोंडून संस्था दिवसभर बोलते, तिनं 'सर नक्की किती वाजता येणार?' असं विचारलं तर तो आगाऊपणा ठरतो. खासगी दवाखान्याला माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू नाही, हे मला कळतं. डॉक्टरला मध्येच ऑपरेशनला जावं लागतं, हेही कळतं. पण थिएटरमध्ये शिरताना काउंटरला एक फोन करायला दहा सेकंदं पुरतात, आणि ती वाचवली जातात ती वेळेअभावी नव्हे.

टोकनची यंत्रं आली, मोबाइलवरून नंबर लावता येऊ लागला, तेव्हा वाटलं होतं की आता ही कटकट मिटेल. नंबर नीट लागतात हे खरं. पण यंत्रालाही डॉक्टर कुठं आहेत ते कुणी सांगत नाही. ते आपलं लाल अक्षरांत एकच आकडा दाखवत राहतं. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही हे लोकांना कळतं, मग ते यंत्राशेजारी बसलेल्या मुलीवर ओरडतात.

सावेडीतल्या त्या मुलीनं नंतर नोकरी सोडली. शिर्डीला एका हॉटेलात लागली, असं दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलं. पगार जवळपास तेवढाच, वर रात्रपाळी आणि रोजचं जाणं-येणं. एवढं लांब कशाला, म्हणून त्यानं तिला विचारलं होतं. ती म्हणाली, 'तिथं खोली आहे का नाही, ते तरी मला माहीत असतं.' तिच्या जागी आता नवी मुलगी आहे. तिच्याकडे ड्रायव्हरचा नंबर अजून नाही.